एका निबंधाची शिष्यवृत्ती

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची एक मुलगी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. समाजशास्त्रात एम. ए. झालेली. पीएच. डी.साठी फेलोशिपचा अर्ज भरायचा होता. वडील रापणीवर जाणारे, म्हणजे फेलोशिप मिळाली तरच पुढचे शिक्षण. अर्जाला संशोधनाचा आराखडा जोडायचा होता. तिने विषय लिहिला होता : ‘जागतिकीकरणाचा किनारपट्टीच्या समाजजीवनावरील परिणाम’. मी वाचून कागद खाली ठेवला. तिने विचारले, “सर, माका गावात काय फेलोशिप?”

उत्तरादाखल मी तिला मालवणच्याच एका जुन्या अर्जदाराची हकिगत सांगितली. आज तीच तुम्हाला सांगतो.

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवणात झाला. शिक्षण मुंबईत आणि काही वर्षे जुनागढला झाले. एल्फिन्स्टन कॉलेजातून संस्कृत घेऊन ते बी. ए. आणि एम. ए. झाले, एम. ए.ला कुलपतींचे सुवर्णपदक मिळाले. असा माणूस त्या काळी संस्कृतचा प्राध्यापक व्हायचा आणि सुखाने निवृत्त व्हायचा. पण १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानाकडे आली. गेडीस मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेले. शहर समजून घ्यायचे तर आधी ते पायी हिंडून पाहिले पाहिजे, असे मानणारे.

घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागले. विद्यापीठाला एका तरुणाला समाजशास्त्राच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवायचे होते. घुर्ये यांनी निबंध लिहिला तो मुंबईवर, एक नागरी केंद्र म्हणून. संस्कृतच्या सुवर्णपदकवाल्याने वेद-पुराणांचा आधार घेतला असता तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी विषय निवडला तो रोज पायाखाली येणाऱ्या शहराचा. त्या निबंधाच्या बळावर त्यांची निवड झाली.

पुढेही सगळे सरळ झाले नाही. लंडनमध्ये हॉबहाउस या नामांकित समाजशास्त्रज्ञाकडे ते गेले, पण तिथे मन रमले नाही; म्हणून केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे आले. तिथे गुरू-शिष्याचे जमले. आणि जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले. परक्या देशात, प्रबंध हातात आणि मार्गदर्शक गेलेला! हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली घुर्ये यांनी काम पुरे केले. त्याच प्रबंधातून भारतातील जाती आणि वंश यांवरचा त्यांचा ग्रंथ उभा राहिला. तो १९३२ साली प्रसिद्ध झाला.

इथे दुसऱ्या एका अर्जदाराची आठवण येते. त्या वेळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ साली. त्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९१३ साली बडोदे संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१६ मध्ये त्यांनी तिथे जातिसंस्थेवर निबंध वाचला, मग अभ्यासासाठी लंडन गाठले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. खोटे नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि तिथूनही हुसकावले गेले. पुढे सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले.

त्याच सुमारास एकाच जिल्ह्यातली मुळे असलेली ही दोन माणसे विलायतेत समाजाचा अभ्यास करत होती. दोघांची बुद्धी अव्वल. पण एकाला मार्गदर्शक गेल्याचा धक्का सोसावा लागला, तर दुसऱ्याला डोक्यावरच्या छपरासाठी झगडावे लागले. शिष्यवृत्ती बोटीचे तिकीट देते, गावात घर देत नाही, हे आपण विसरू नये.

आणि शिष्यवृत्तीचा पैसा कुठून येतो, तेही पाहावे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. त्या निधीतून इंग्रजी अमदानीत दक्षिणा फेलोशिप निघाली. तीच घेऊन इरावती कर्वे घुर्ये यांच्याकडे शिकल्या आणि १९२८ साली एम. ए. झाल्या. एकेकाळी केवळ पुरुष शास्त्र्यांच्या पदरात पडणारा पैसा एका तरुणीच्या समाजशास्त्राला लागला. बर्लिनला डॉक्टरेटसाठी जाताना मात्र जीवराज मेहता यांचे कर्ज घ्यावे लागले.

घुर्ये १९२४ साली मुंबई विद्यापीठात विभागप्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत राहिले. १९३६ साली त्यांच्या विभागात पीएच. डी.चे शिक्षण सुरू झाले. जी. आर. प्रधान यांना मिळालेली भारतातली समाजशास्त्राची पहिली पीएच. डी. त्यांच्याच मार्गदर्शनाखालची. मुंबईच्या अस्पृश्य कामगारांवरचे प्रधानांचे पुस्तक १९३८ साली निघाले. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हेही घुर्यांचेच विद्यार्थी. एका शिष्यवृत्तीचे व्याज म्हणायचे ते हे. डॉक्टर होण्यासाठी बोटीत बसण्याची सक्ती तिने पुढच्यांपुरती संपवली.

आज वाटा अधिक आहेत. नेट परीक्षेतून विद्यापीठ अनुदान आयोगाची फेलोशिप आहे, १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची आहे, पुण्याच्या ‘बार्टी’ची आहे. अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी पाठवणाऱ्या राज्य शासनाच्या योजनेला तर राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. पण वाटांबरोबर अर्जांचे ढीगही वाढले. त्या ढिगात ‘जागतिकीकरणाचा परिणाम’ शंभर जणांनी लिहिलेला असतो.

मी त्या मुलीला विचारले, “तुझ्या घरी अलीकडे वाद कशावरून झाला?” ती हसली. म्हणाली, रापणीच्या वाट्यावरून. जाळे ओढायला माणसे पुरत नाहीत. मुलगे नोकरीला मुंबई-गोव्याला गेलेले. मग जो ओढायला येत नाही त्याच्या घराचा वाटा चालू ठेवायचा की नाही? एखाद्या विधवेचा? आणि हे ठरवते कोण?

“हाच लिही,” मी म्हटले. “कुणाकुणाला विचारणार, किती रापणी बघणार, कुठल्या महिन्यात, तेही लिही. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे सहज लिहिता येणार नाही, हे वाचणाऱ्याला कळू दे.”

चार दिवसांनी ती नवा आराखडा घेऊन आली. दोन पाने कमी झाली होती. अर्ज गेला आहे, उत्तर यायचे आहे. फेलोशिप मिळेलच असे मी तिला सांगितलेले नाही. निबंध चांगला असूनही दारे बंद राहतात, हे वर आलेच. मात्र या खेपेस अर्जात मालवण आहे.