शंख आणि गवताची काडी

बहिऱ्या माणसास शस्त्रक्रियेनें ऐकूं येतें, असें आज सहज बोललें जातें. तें कितपत खरें, हें कळण्यास त्या विद्येचा इतिहास पाहावा लागतो.

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें आपल्या दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून त्यांतून विद्युत्प्रवाह सोडला. डोक्यास हिसका बसला आणि कांहीं घट्ट पदार्थ रटरट शिजत असावा तसा आवाज झाला. १८०० सालीं त्यानें हा अनुभव प्रसिद्ध केला; पण धोका ओळखून प्रयोग पुढें नेला नाहीं. १९५७ मध्यें पॅरिस येथें जूर्नो व एरिएस यांनीं एका बहिऱ्या रोग्याच्या श्रवणनाडीशीं तार जोडली. त्यास बोलण्याचा ताल कळला, बोलणें कळलें नाहीं.

याचें कारण कानाच्या रचनेंत आहे. कानाच्या आंत वाटाण्याएवढा शंख असून त्यांत सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. शंखाच्या तोंडाशीं उंच स्वर आणि टोकाशीं खालचे स्वर ओळखले जातात. एका तारेनें हें कसें साधावें? अनेक तारा हव्या; पण त्या नाजुक वळणांतून न्याव्या कशा? बहिऱ्या पित्याचे पुत्र असलेले ऑस्ट्रेलियन वैद्य ग्रेम क्लार्क यांस १९७७ मध्यें समुद्रकिनाऱ्यावर उत्तर सांपडलें. टोकास लवचिक व बुडाशीं ताठ अशी गवताची काडी शंखाच्या वळणांत सहज सरकली. १ ऑगस्ट १९७८ रोजीं मेलबर्न येथें त्यांनीं अनेक टोकांची तार रॉड साँडर्स यांच्या कानांत बसविली. कांहीं महिन्यांनीं साँडर्स ओठ न पाहतां कांहीं शब्द ओळखूं लागले.

आजहि क्रम तोच आहे. भूल देऊन कानामागील हाडांत यंत्र बसविण्यास दोन-तीन तास लागतात. पुढें कांहीं दिवस चक्कर येऊं शकते, क्वचित् जिभेची चव बदलते. उरलीसुरली नैसर्गिक श्रवणशक्ति जाण्याचाहि संभव असतो. जखम भरेपर्यंत कांहीं आठवडे कान बहिराच राहतो. मग बाहेरील यंत्र लावून प्रवाह सुरू करतात. पहिला आवाज आप्तांचा वाटतच नाहीं. नुसती किणकिण किंवा पत्र्याचा नाद वाटतो. शस्त्रक्रिया फसली असें समजून घरचीं माणसें येथेंच खचतात. वस्तुतः हजारों पेशींचें काम १२ ते २२ विद्युत्टोकांवर पडलेलें असतें; उरलेली भर मेंदूनें सरावानें घालावयाची असते. भाषा अवगत असलेल्या प्रौढासहि त्यास महिने लागतात. जन्मबधिर मुलाची शस्त्रक्रिया शक्य तितकी लहानपणीं व्हावी लागते, आणि घरच्यांनीं वर्षानुवर्षें त्याच्याशीं बोलत राहावें लागतें. गर्दींतलें बोलणें आणि गाणें कित्येकांस पुढेंहि अवघड जातें.

शस्त्रवैद्य शंखापर्यंत वाट करून देतो. ऐकणें त्यानंतर शिकावयाचें असतें.