सावित्रीच्या पाण्यावरचं इंजिन

२२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळीये गावात, कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसं मातीखाली गेली. त्याच वेळी खाली महाड शहरात सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं होतं, रस्ते बुडाले होते, फोन लागत नव्हते. मदतपथकं तळीयेला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. दरडीचं गाव उंचावर होतं, पण त्याच्याकडे जाणारी वाट पुराच्या पाण्यातून जात होती. म्हणूनच सह्याद्रीच्या कुशीतल्या या गावाची गोष्ट सांगताना बोट, तिचं इंजिन आणि त्या इंजिनातून झिरपणारं तेल यांचा विचार करावा लागतो.

या खोऱ्याला बोटी नव्या नाहीत. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड असं करत हरिहरेश्वर-बाणकोटपाशी समुद्राला मिळणारी सावित्री हाच शतकानुशतकं इथला हमरस्ता होता. भरतीचं पाणी आत येई आणि त्याच्या जोरावर मचवे, पडाव दासगाव आणि महाडपर्यंत चढत. घाटमाथ्यावरचा माल महाडच्या बाजारात उतरे, तिथून बंदरात जाई. या खाडीचं मुख ज्याच्या ताब्यात, त्याचा व्यापारावर हात. १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांकडून बाणकोट मिळवलं ते त्यासाठीच.

शिडाच्या बोटीवर तेल लागे ते लाकडाला. इंजिनाचं तेल या पाण्यावर आलं वाफेच्या बोटींबरोबर. या बोटींनी मुंबई आणि बाणकोट खाडी जवळ आणल्या, आणि महाडच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या घटनेत त्यांचा वाटा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले. धरमतरचा रस्ता जवळचा होता, पण त्या मार्गावरच्या मोटारवाल्यांनी असहकाराची धमकी दिली होती. तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने निघाले. हरिहरेश्वरला रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारी ते दासगाव बंदरात उतरले. बंदरावर हजारो सत्याग्रही त्यांची वाट पाहत होते. तिथून महाड पाच मैल. रस्त्यावरच्या मोटारींनी नाकारलेली वाट पाण्याने दिली.

त्या काळच्या वाफेच्या इंजिनात तेल गळणं हा दोष मानलाच जात नसे. दांडे, कणे, बेअरिंगं उघडी असत. वर बसवलेल्या पितळी तेलदाणीतून थेंब थेंब तेल पडे, फिरत्या भागांना वंगण देऊन खाली ओघळे आणि बोटीच्या तळातल्या पाण्यात मिसळे. मोठ्या जहाजांच्या इंजिनघरात कोकणातली कितीतरी माणसं आगवाले आणि तेलवाले म्हणून राबली. तेलवाल्याचं काम गळती शोधण्याचं नव्हतं, थेंब थांबला तर ओळखण्याचं होतं. चालत्या इंजिनाच्या बेअरिंगला तो हात लावून पाही. हाताला चटका बसला, तर तेल पोहोचत नाही हे तो ओळखी.

मग रस्ता वरचढ झाला. मुंबई-गोवा मार्गावरचा सावित्रीचा दगडी पूल १९२८ मध्ये उभा राहिला. पुढे मोटारी वाढल्या, खाडीत गाळ साचत गेला आणि महाडचं बंदरपण ओसरलं. खाडीच्या खालच्या अंगाला इंजिनं राहिली, पण वेगळी. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्ससारख्या कारखान्यांनी डिझेल इंजिन कोकणातल्या मच्छीमाराच्या आवाक्यात आणलं. वाळू उपसणाऱ्या बोटींवर सक्शन पंप बसले. वेश्वी-बागमांडले फेरीबोट गाड्या पलीकडे नेऊ लागली. डिझेल इंजिनाने तेल बंद कोठीत घेतलं. आता तेल बाहेर दिसलं, की ते दुखणं ठरू लागलं. गॅस्केट, ऑईल सील, डिपस्टिक हे शब्द बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या रोजच्या बोलण्यात आले.

समुद्रावरच्या छोट्या वाहनांमध्ये मात्र तेल बंद कोठीत जाण्याची ही गोष्ट बरीच उशिरा घडली. कावासाकीने १९७३ च्या सुमारास जेट स्की बाजारात आणली, यामाहाची वेव्हरनर १९८६ मध्ये आली. या सगळ्यांची इंजिनं टू-स्ट्रोक होती. त्यांत तेल पेट्रोलबरोबरच जळून जाई, त्यामुळे तेलाची वेगळी कोठी नसे. तेलाची टाकी किंवा नळी फुटली तरच गळती. पण जळलं नाही ते पेट्रोल आणि तेल धुराच्या वाटेने थेट पाण्यात जाई. अमेरिकेत १९९६ मध्ये बोटींच्या इंजिनांवर धुराचे निर्बंध आले. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोवर १९९९ मध्ये जुन्या धाटणीच्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकना बंदी झाली. २००२ च्या हंगामात यामाहा आणि सी-डू यांनी फोर-स्ट्रोक जेट स्की आणल्या. पाणी स्वच्छ राहावं म्हणून झालेल्या या बदलाने मेकॅनिकपुढे नवा प्रश्न ठेवला: बंद पेटीत बसवलेल्या इंजिनातून तेल नेमकं कुठून येतंय?

आज काशीद, नागाव, अलिबागच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या जेट स्कींची देखभाल करणाऱ्यांना हाच प्रश्न पडतो. मोटारसायकलचं तेल गळलं, तर खाली जमिनीवर डाग पडतो आणि डागावरून जागा कळते. बोटीत ते तळातल्या पाण्यावर पसरतं, बोट हिंदकळली की सगळीकडे लागतं. त्यातच इंजिन आणि पंप यांना जोडणारा दांडा फिरताना ते चारी बाजूंना उडवतो. तेल दिसतं तिथे गळती असेलच असं नाही. म्हणून जाणता माणूस आधी काही उघडत नाही. तो सगळं धुऊन पुसून कोरडं करतो, इंजिन थोडा वेळ चालवतो आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत येतो: झाकणाचं गॅस्केट, फिल्टरची ओ-रिंग, ऑईल कूलरच्या नळ्या आणि शेवटी क्रँकशाफ्टचं सील. सर्वांत वर जिथे ताजा ओलावा दिसतो, तिथून तपास सुरू होतो. तरीही सापडलं नाही, तर तेलात चमकणारा रंग घालून निळसर दिव्याखाली पाहतात.

कित्येकदा गळती नसतेच. तेल जास्त भरलं, की ते श्वासनळीतून हवेच्या पेटीत जातं आणि बाहेर ओघळतं. अनेक फोर-स्ट्रोक जेट स्कींमध्ये तेलाची पातळी इंजिन गरम आणि बोट सपाट असतानाच मोजायची असते. थंड इंजिनात पातळी कमी दिसते, चालक वरून आणखी तेल ओततो आणि आठवड्याने गळतीची तक्रार घेऊन येतो. डिपस्टिकवर तेल दुधाळ चहाच्या रंगाचं दिसलं, तर आत पाणी शिरलं आहे. पातळी आपोआप वाढली, तर पाणी किंवा पेट्रोल मिसळतं आहे. उलटलेली बोट चुकीच्या बाजूने सरळ केली, तर पाणी इंजिनात उतरतं, म्हणून मागच्या बाजूला दिशेचा बाण छापलेला असतो. बागेच्या नळाचं पाणी जोडून चालवतानाही क्रम ठरलेला आहे: आधी इंजिन, मग पाणी, थांबवताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलं, तर धुराच्या वाटेने पाणी मागे सिलिंडरपर्यंत पोहोचतं.

हे ज्ञान किनाऱ्यावर साठलेलं आहे. त्याची खरी गरज मात्र पावसाळ्यात आतल्या भागात पडते.

२५ जुलै २००५ ला दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या आणि जवळपास दोनशे माणसं गेली. एके काळी ‘पद्मावती’च्या प्रवाशांची वाट पाहणारं दासगाव त्यांपैकी एक. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा तो १९२८ चा पूल कोसळला, दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. शोधासाठी नौदल, तटरक्षक दल आणि एनडीआरएफच्या बोटी आल्या. नवा पूल ५ जून २०१७ ला खुला झाला. २०२१ च्या पुरानंतर एनडीआरएफचं पथक पावसाळ्यात महाडला आधीच आणून ठेवलं जाऊ लागलं. व्यापारासाठी आलेलं आणि रस्त्यामुळे गेलेलं इंजिन महाडच्या पाण्यावर आता माणसं वाचवण्यासाठी परत आलं आहे.

या इंजिनांचं वेळापत्रक किनाऱ्याच्या अगदी उलट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, जलक्रीडाही पावसाळ्यात थांबतात. मच्छीमार आणि जेट स्कीवाले त्याच दिवसांत इंजिन खोलतात, सील बदलतात. बचावाची बोट नेमकी तेव्हाच पाण्यात उतरते. तिच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन वर्षाचा मोठा भाग न चालता राहतं. रबरी सील वापराने झिजतात, तसे पडून राहूनही कडक होतात. शिवाय महाडच्या बाजारपेठेतून वाहणारं पुराचं पाणी समुद्रासारखं मोकळं नसतं. त्यात दोऱ्या, गोणी, केबल, प्लास्टिक असतं. एखादी दोरी पंख्याच्या दांड्यावर गुंडाळली, की ती सीलला कापत आत जाते, गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि पुढच्या फेरीला दात घासू लागतात. प्रत्येक पुरानंतर पंखा काढून दांडा बघणं आणि खालचा स्क्रू सैल करून गिअरच्या तेलाचा रंग पाहणं, एवढ्याने ते कळतं.

पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या यादीत सावित्रीतला गाळ, दरडप्रवण वाड्या आणि निवाऱ्याच्या शाळा असतात, आणि त्या असायलाच हव्यात. त्याच यादीत मे महिन्यातल्या एका दिवसाची भर पडायला हवी. त्या दिवशी दासगावच्या खाडीत प्रत्येक बोट पूर्ण भार घेऊन अर्धा तास चालवावी, मग बाहेर काढून इंजिन पुसून, उघडून पाहावं. ते पाहायला अलिबाग-काशीदचे मेकॅनिक आणि खाडीतले तांडेल बोलवावेत. मे अखेर त्यांचा हंगाम संपत आलेला असतो आणि तेलाचा थेंब कुठून आला हे शोधण्यात त्यांचा हात बसलेला असतो.