रेसर्पीन : प्राण्यांतील संप्रेरकीय परिणाम

रेसर्पीन हे सर्पगंधा (राउवोल्फिया सर्पेंटिना) या वनस्पतीच्या मुळांतील अल्कलॉइड. बाझेलच्या सीबा कंपनीतील म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी ते 1952 मध्ये शुद्ध रूपात वेगळे केले. त्याआधीच, 1949 साली, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील सर्पगंधेच्या गुणाविषयी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिले आणि या मुळीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. संप्रेरकांवरचा परिणाम ध्यानात आला तो नंतर, प्रयोगशाळेतील उंदीर-सशांमध्ये.

जोसेफ माइट्स यांनी 1957 मध्ये रेसर्पीन टोचून सशांच्या माद्यांना दूध आणून दाखवले. बॅराक्लफ आणि सॉयर यांना पांढऱ्या उंदरांत (रॅट) दोन गोष्टी आढळल्या : अंडमोचन थांबते आणि नराशी संयोग न होताही आभासी गर्भावस्था येते. एरवी चार-पाच दिवसांनी फिरणारे ऋतुचक्र अशा मादीत सुमारे दोन आठवडे थबकते.

याचे कारण पोष ग्रंथीत (पिट्युइटरी) नसून तिच्या वर, मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये आहे. तेथून येणारे डोपामीन पोष ग्रंथीतील प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाचा स्राव सतत दाबून धरते. चेतापेशींतील सूक्ष्म पिशव्यांत डोपामीन भरणाऱ्या वाहक प्रथिनाला रेसर्पीन निकामी करते. बाहेर राहिलेले डोपामीन विघटित होते, साठा आटतो आणि प्रोलॅक्टिन मोकळे सुटते. उंदरांत प्रोलॅक्टिन अंडाशयातील पीतपिंडाला (कॉर्पस ल्युटियम) टिकवून धरते, म्हणून आभासी गर्भावस्था. मेंदूच्या या दाबाचा पुरावा असा : पोष ग्रंथी मूळ जागेवरून काढून मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोवली, तरी ती प्रोलॅक्टिन स्रवतच राहते. तिची इतर संप्रेरके मात्र ओसरतात. मेंदूचा धाक सुटल्यावर वाढणारे हे जवळजवळ एकमेव पोष-संप्रेरक होय. रेसर्पीनने नॉरअॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिनही आटतात, त्यामुळे अंडमोचन थांबण्याचे श्रेय एकट्या डोपामीनला देता येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने उंदरांच्या दोन जातींना सुमारे दोन वर्षे खाद्यातून दशलक्ष भागांत 5 आणि 10 भाग या प्रमाणात रेसर्पीन दिले. लहान उंदरांच्या (माउस) माद्यांत स्तनग्रंथींचा व नरांत रेताशयाचा कर्करोग, तर मोठ्या उंदरांच्या नरांत अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातील गाठी वाढल्या. स्तनग्रंथींच्या गाठींचा संबंध वाढलेल्या प्रोलॅक्टिनशी लावला जातो.

हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणे चूक आहे. स्त्रीच्या पीतपिंडाची मदार प्रोलॅक्टिनवर नसते. रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत स्तनांतून दूध येते, एवढे साम्य खरे. 1974 मध्ये ‘लॅन्सेट’मधील तीन अभ्यासांनी हे औषध आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध सुचवला, तेव्हा मोठी खळबळ उडाली, पण नंतरच्या बहुतेक अभ्यासांत तो संबंध टिकला नाही.