प्लगपासून किती लांब?

पहिल्या गाजलेल्या पोर्टेबल कॉम्प्युटरला बॅटरी नव्हती. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की ती हसतात, पण गोष्ट खरी आहे. १९८१ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅडम ऑसबॉर्नने अमेरिकेत ‘ऑसबॉर्न १’ बाजारात आणला. दिसायला शिलाई मशीनच्या पेटीसारखा, वजन ११ किलो, पडदा ५ इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. मूठ धरून उचलायचा, गाडीत टाकायचा आणि मुक्कामी पोचलं की आधी भिंतीत प्लग शोधायचा. या ऑसबॉर्नचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं होतं, कारण त्याचे वडील रमण महर्षींच्या ओढीने तिथे राहिले होते. २००३ मध्ये तो वारला, तोही कोडाईकनालला. कंपनीचं दिवाळं मात्र १९८३ मध्येच वाजलं होतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला बाबांनी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं टेबल टाकलं होतं. त्याच टेबलावर आता मी लॅपटॉप उघडते. दहावी-बारावीचे निकाल लागले की दुरुस्तीपेक्षा सल्ला मागणारेच जास्त येतात. प्रश्न ठरलेला असतो: “ताई, ऑफिसवाला हलका घेऊ की गेमिंगवाला दणकट?” लोकांना वाटतं ही अडचण आत्ताची आहे. मी रोज दोन्ही जातींची यंत्रं उघडते, आणि मला दिसतं ते हे की हा वाद चाळीस वर्षं जुना आहे. तो वजनाचाही नाही आणि वेगाचाही नाही. आतली उष्णता काढायची कुठून आणि यंत्र प्लगपासून किती लांब न्यायचं, या दोन गोष्टींवर तो चालत आलाय.

ऑसबॉर्नपाठोपाठ ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने १९८३ मध्ये ‘पोर्टेबल’ विकायला काढला. हा आणखी जड, साडेबारा किलोंच्या घरात. आयबीएमच्या पीसीवरचे प्रोग्रॅम त्यावर चालायचे, म्हणून पहिल्याच वर्षी ५३,००० यंत्रं गेली. बॅटरी यालाही नव्हती. तेव्हाच्या सेल्समनला नि हिशेबनिसाला यंत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायचं होतं, वाटेत चालवायचं नव्हतं. म्हणजे आजच्या गेमिंग लॅपटॉपचे खरे पूर्वज हेच, कारण तोही एका प्लगपासून दुसऱ्या प्लगपर्यंतच जातो.

आज आपण ज्याला लॅपटॉप म्हणतो तो मिटणारा आकार आला ‘ग्रिड कंपास’मधून, १९८२ मध्ये. आराखडा बिल मॉगरिजचा. पडदा कीबोर्डवर पालथा मिटायचा, कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, वजन ५ किलोंच्या आसपास आणि किंमत ८,१५० डॉलर. एवढे पैसे मोजूनही प्लग लागायचाच. नासाने तो स्पेस शटलमध्ये नेला तेव्हा आत एक पंखा बसवावा लागला. पृथ्वीवर गरम हवा आपसूक वर जाते, वजनरहित जागेत ती जिथल्या तिथे साचते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हा किस्सा मुद्दाम सांगते. पंखा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. हवा हलली नाही तर चिप भाजते.

बॅटरीवर चालणारा, मांडीवर मावणारा आणि आयबीएमचे प्रोग्रॅम चालवणारा लॅपटॉप तोशिबाने १९८५ मध्ये युरोपात विकायला आणला, टी ११००. वजन ४ किलो, एलसीडी पडदा, साडेतीन इंची फ्लॉपी. हार्ड डिस्क नाही, पडदा फिका, पण प्लग काढला तरी तासन्‌तास चालायचा. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, त्याच तोशिबाने टी ३१०० काढला. यात २८६ प्रोसेसर, १० एमबीची हार्ड डिस्क आणि नारिंगी उजेडाचा प्लाझ्मा पडदा. त्या काळाच्या मानाने हा राक्षसच. पण प्लाझ्मा पडदा एवढी वीज खायचा की बॅटरी दिलीच नाही. वजन पावणेसात किलोंच्या पुढे.

एकाच कंपनीने, एकाच वर्षाच्या अंतराने दोन यंत्रं काढली. एक कुठेही चालणारं पण अशक्त, दुसरं ताकदवान पण भिंतीला बांधलेलं. आज गिऱ्हाईक माझ्यापुढे जो प्रश्न ठेवतं, तो तेव्हाच पुरता तयार झाला होता. पुढच्या सगळ्या इतिहासात या दोन घराण्यांचीच वंशावळ आहे.

बॅटरीच्या घराण्यात सगळ्यात नावाजलेला निघाला आयबीएमचा ‘थिंकपॅड ७०० सी’, ऑक्टोबर १९९२. रिचर्ड सॅपरने त्याला जपानी जेवणाच्या डब्यासारखा साधा काळा चौकोनी आकार दिला, कीबोर्डच्या मधोमध लाल टिकली बसवली आणि आत १०.४ इंचांचा रंगीत पडदा. किंमत ४,३५० डॉलर. एवढी रक्कम स्वतःच्या खिशातून फार थोडे लोक देणार. ती द्यायची कंपनीने. या घराण्याचा स्वभाव त्यातूनच घडला. घेणारी कंपनी, वापरणारा नोकरदार आणि बिघडल्यावर शिव्या खाणारा कंपनीतला आयटीवाला. एका वेळी हजार नग घेणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात: यंत्र कमी बिघडावं आणि बिघडलं तर चटकन उघडावं.

हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. कंपन्या तीन-चार वर्षांनी जुना माल एकरकमी काढतात, त्याचे लॉट बाजारात येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक, सगळे एकाच धाटणीचे. खालचं झाकण सोडवताना कित्येकांचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलांत कीबोर्डखाली पाणी वाहून जायला भोकं असतात, कारण नोकरदार चहा सांडणार हे बनवणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं. बिजागऱ्या धातूच्या. कुठला भाग कसा काढायचा याचं पुस्तक कंपनीच छापते. अशा यंत्रावर काम करताना मला बाबांच्या जमान्यातला रेडिओ आठवतो. त्याच्याही पाठीमागच्या झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा.

प्लगचं घराणं २००० नंतर वयात आलं. त्या वर्षाच्या शेवटी एनव्हिडियाने ‘जीफोर्स २ गो’ ही लॅपटॉपसाठी बनवलेली ग्राफिक्स चिप जाहीर केली. त्याआधी लॅपटॉपवर थ्रीडी खेळ म्हणजे चित्रं मोजत बसणं. त्याच सुमारास काही कंपन्यांनी डेस्कटॉपचा पेंटियम ४ सरळ लॅपटॉपच्या पोटात घातला. हा प्रोसेसर एकटाच ८० वॅटच्या आसपास उष्णता टाकायचा. चार-साडेचार किलोंची, उतारूची बॅग वाटावी अशी ती यंत्रं. मांडीवर घेतलं की पाच मिनिटांत उठून उभं राहायची पाळी. मायामीत १९९६ मध्ये दोन मित्रांनी काढलेली एलियनवेअर खेळाडूंसाठी असली यंत्रं बनवायची. २००६ मध्ये डेलने ती कंपनीच विकत घेतली. छंदाचा बाजार मोठा झाल्याची ती पावती होती.

इंटेलला ८० वॅटची ही वाट लॅपटॉपसाठी बंद आहे हे आधीच कळलं होतं. इस्रायलमधल्या त्यांच्या इंजिनियरांनी पेंटियम एम बनवला, साधारण २५ वॅटचा. मार्च २००३ मध्ये तो वायफायसकट ‘सेंट्रिनो’ या नावाने आला आणि हलक्या घराण्याला नवा जीव मिळाला. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला, १.३६ किलोंचा. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’चा घाट घातला आणि विंडोजवालेही बारीक होऊ लागले. बारीक होताना एक गोष्ट गेली: रॅम बोर्डावरच डकवली जाऊ लागली, बॅटरी आत कोंडली गेली. माझ्यासारख्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर त्या वर्षांत थोडा निकामी झाला.

उष्णता दुसऱ्या घराण्याचाही पिच्छा सोडत नव्हती. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही जुन्या चिपांच्या वॉरंटी आणि दुरुस्तीपोटी १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च धरत असल्याचं जाहीर केलं. चिप आणि तिचं बूड जोडणारं साहित्य तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत टिकत नव्हतं. दिवसातून चार वेळा भट्टीसारखं तापायचं आणि चार वेळा गार व्हायचं, हे कुठल्याही सांध्याला मानवत नाही. गेमिंग लॅपटॉप उघडला की म्हणूनच पहिल्यांदा दिसतं ते तांबं: चपट्या नळ्या, दोन्ही अंगांना जाळ्या, त्यांना वारा घालणारे पंखे. मुंबईत त्या जाळ्यांवर धूळ आणि कापसाचे धागे यांचा नमद्यासारखा थर बसतो. तो काढून नवी थर्मल पेस्ट लावली की मेलेला समजून आणलेला लॅपटॉप पुन्हा पळतो. माझी अर्धी कमाई या एका कामावर आहे.

ताकदीची हौस शेवटी कुठे जाते ते २०१७ मध्ये एसरने दाखवलं. ‘प्रिडेटर २१ एक्स’: २१ इंचांचा वळवलेला पडदा, दोन ग्राफिक्स कार्डं, आठ किलोंच्या वर वजन, ८,९९९ डॉलर किंमत आणि एकाच यंत्राला दोन अडॅप्टर. ऑसबॉर्नच्या जवळ पोचलेलं वजन, छत्तीस वर्षांनी.

असं का होतं, हे साध्या गणितात कळतं. विमानात विनापरवानगी नेता येते ती बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची. म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपचीही बॅटरी ९९ वर थांबते. खेळ चालू असताना यंत्र २०० वॅट ओढत असेल तर ही बॅटरी अर्धा तास टिकेल. एवढी वीज बॅटरी सहसा देऊही शकत नाही, म्हणून प्लग काढला की यंत्र स्वतःच मंद होतं. ऑफिसच्या लॅपटॉपला टायपिंगला १० वॅट पुरत असतील तर ५० वॅट-तासांत पाच तास निघतात. जाहिरातीतले शब्द बाजूला ठेवले तर दोन घराण्यांतला फरक या दोन ओळींत मावतो.

२०१७ मध्येच एनव्हिडियाने ‘मॅक्स-क्यू’ आणलं. मोठी चिप मंद आचेवर चालवायची आणि यंत्र बारीक करायचं, ही त्यामागची कल्पना. तेव्हापासून दोन घराण्यांत सोयरीक झाल्याच्या बातम्या येतात. पण उष्णतेने कोणालाच सूट दिलेली नाही. २०२१ ची आरटीएक्स ३०६० ही चिप एका लॅपटॉपमध्ये ६० वॅटवर चालते, दुसऱ्यात ११५ वर. खोक्यावर नाव तेच, आतलं पाणी निराळं. म्हणून मी सांगते, चिपचं नाव पाहून भुलू नका, दुकानदाराला वॅट विचारा. तो गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

लॉकडाऊनने एक उलटा धडाही दिला. हिंडण्याफिरण्यासाठी घेतलेले हलके लॅपटॉप २०२० मध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यावर नि देवघरापुढच्या पाटावर रात्रंदिवस चार्जरला लावून चालले. सतत भरलेली आणि तापलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर उचललं गेलंय, क्लिक होत नाही, अशी तक्रार घेऊन माणसं रांगेने आली. प्लगपासून लांब जाण्याचे पैसे मोजलेली यंत्रं प्लगपाशीच म्हातारी झाली होती.

गेल्या जूनमध्ये चिपळूणहून एक काका मुलाला घेऊन आले. इंजिनियरिंगला प्रवेश झालेला. काकांना हलका हवा होता, पोराला गेमिंगचा. मी विचारलं, “काय काय चालवणार?” पोरगा म्हणाला, थ्रीडी ड्रॉइंग आणि रात्री खेळ. “कुठे बसून?” होस्टेलच्या खोलीत. “वर्गात नेणार?” न्यावा तर लागेल, पण बाकांपाशी प्लग नाहीत.

मी त्यांना सांगितलं, खोलीसाठी दणकट घ्या, झगमग दिव्यांचा नको, बऱ्या पंख्यांचा. आणि कपाटातून लॉटमधला एक चौदा इंची लॅटिट्यूड काढून पुढे ठेवला. नवी बॅटरी घालूनही वीस हजारांच्या आतला, वर्गापुरता. काका चमकले. “एका पोराला दोन-दोन?”

“काका,” मी म्हटलं, “तोशिबालाही दोनच काढावे लागले होते.”