हापूसबाग, मानमोडी व आंबेगांव : कांहीं स्थलनामांचा विचार

जुन्नर शहराच्या पूर्वेस हापूसबाग नांवाचें एक गांव आहे. त्याच्या जवळच एक भव्य दगडी घुमट उभा असून त्यास कोणी हबशी घुमट म्हणतात, कोणी सौदागर घुमट. अलीकडे जुन्नरच्या पश्चिमेकडील खोऱ्यांत हापूस आंब्याची लागवड वाढली आहे, व कोंकणचा हंगाम सरत आला म्हणजे हा आंबा बाजारांत येतो. त्यामुळें गांवाचें नांव आंब्यावरूनच पडलें असावें, असें समजण्याकडे नवख्याचा कल होणें साहजिक आहे. उद्यां या नांवाच्या आधारें जुन्नरच्या हापुसाची प्राचीनताहि कोणी सिद्ध करूं लागल्यास नवल नाहीं. तत्पूर्वीं या नांवाची तपासणी व्हावी, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहों.

'हापूस' हा शब्द पोर्तुगीज 'आफोन्सो' या नांवावरून आला हें सर्वमान्य आहे. पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तें इ. स. १५१० सालीं. इकडे जुन्नरास मलिक अहमदानें निजामशाहीची स्वतंत्र द्वाही फिरविली ती इ. स. १४९० त, आणि पुढें इ. स. १६०७ च्या सुमारास मलिक अंबरानें कांहीं काळ जुन्नर हीच राजधानी केली. मलिक अंबर स्वतः हबशी. त्याच्या पदरचे हबशी सरदार व त्यांचा परिवार या शहराच्या आसपास राहिला, बागा व इमारती करून राहिला, हें मानण्यास अडचण नाहीं. जुन्या मराठी कागदांत व बखरींत 'हबशी' हा शब्द 'हपशी' असा येतो, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. तेव्हां हबशी बाग, हपशी बाग व शेवटीं हापूसबाग अशी या नांवाची वाट आम्हांस दिसते. शेवटचें पाऊल लोकांनीं केव्हां टाकलें असेल? हापूस हा शब्द घरोघर माहीत झाला व हबशी विसरला गेला, त्यानंतरच.

यावर एक आक्षेप संभवतो. चौलास पोर्तुगीज व निजामशाही यांचा शेजार होता, आणि चौल-कल्याणचा माल नाणेघाटानें जुन्नरास चढे. त्याच वाटेनें कलमी आंबा कां चढला नसेल? चढला असेलहि. परंतु हबशाच्या नांवाचा घुमट शेजारीं उभा असतां आंब्यास साक्षीस बोलावण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं.

लोक नांवास आपल्या ओळखीचा अर्थ कसा चिकटवितात याचें याहून ठळक उदाहरण शहराच्या दक्षिणेस आहे. मानमोडीचा डोंगर म्हटला कीं मान मोडणारा अवघड डोंगर, असा अर्थ कोणीहि सांगेल. परंतु त्याच डोंगरांतील लेण्यांच्या ब्राह्मी लेखांत या पर्वताचें नांव 'मानमुकड' असें कोरलेलें आहे. म्हणजे मानेचा व मोडण्याचा येथें कांहींएक संबंध नाहीं. अठराशें वर्षांपूर्वींचें नांव झिजत झिजत आपल्यापर्यंत आलें, आणि अर्थ कळेनासा झाल्यावर लोकांनीं त्यास नवा अर्थ दिला. याच डोंगरांत महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम यानें दिलेल्या मंडपाचा व पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. त्यांतील ४६ हें वर्ष शककालाचें धरल्यास तो इ. स. १२४ चा ठरतो. काळाची कल्पना येण्यास इतकें पुरे.

मानमोडीच्या लेखांतील आम्हांस सर्वांत प्रिय असा लेख मात्र कोणा अमात्याचा नव्हे. कोणाचिक नांवाच्या श्रेणींतील अडुथुम नामक शक उपासकाचा तो आहे. त्यानें वडालिका येथें वीस निवर्तनें व कटपुतक येथें नऊ निवर्तनें जमीन दिली. पहिल्या जमिनीस 'करजमूल' व दुसरीस 'वडमूल' हे शब्द जोडलेले आहेत. करंज व वड लावण्यासाठीं हें दान आहे, असा अर्थ पूर्वींच्या विद्वानांनीं केला. करंजाजवळचें शेत व वडाजवळचें शेत, असाहि अर्थ होऊं शकतो; 'मूल' शब्दाचा सरळ अर्थ घेतल्यास हाच जवळचा. परंतु येथीलच दुसऱ्या लेखांत 'करजभति' असा शब्द आहे. भति म्हणजे भृति, खर्चाची तरतूद. तो शब्द लक्षांत घेतां करंजाची लागवड व जोपासना यांसाठीं नेमणुका होत असत, हें नाकारतां येत नाहीं. आम्ही अद्याप दोहोंच्या मध्यें आहों. एवढें खरें कीं, करंज हा नदीकांठचा वृक्ष, कुकडीच्या खोऱ्यास परका नव्हे. त्याच्या बियांचें तेल दिव्यास चालतें, पेंड शेतास चालते, काडी दांत घासण्यास चालते. दगडांत कोरलेल्या अंधाऱ्या खोल्यांत चातुर्मास काढणाऱ्या भिक्षूंस दिव्याचें तेल किती लागत असेल याचा विचार केला म्हणजे एका परक्या शकास करंजच कां आठवला, हें कोडें पुष्कळ सुटतें. हा आमचा तर्क आहे. लेखांत तसें म्हटलेलें नाहीं.

यानंतर सुमारें तेराशें वर्षांनीं दुसरा एक परका जुन्नरास आला. तो रशियांतील त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन होय. इ. स. १४६९ ते १४७२ च्या दरम्यान तो हिंदुस्थानांत होता. चौलास उतरून एक घोडा घेऊन तो जुन्नरास आला व पावसाळा त्यानें येथें काढला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असें तो लिहितो. खडकावरचें हें शहर देवानेंच घडविलें असून वर जाण्याची वाट अशी अरुंद कीं दोघांस बरोबर जातां येत नाहीं, हें त्याचें वर्णन शिवनेरीचें आहे, खालच्या पेठेचें नव्हे, हें स्थळ पाहिलेल्या कोणासहि पटेल. येथील अंमलदार असदखान यानें त्याचा घोडा काढून घेतला व धर्म बदलल्यास परत देईन म्हणाला. एका खुरासानी खोजाच्या रदबदलीनें तो सुटला.

पावसांत येथील लोक गहूं, भात व हरभरा पेरतात, असें निकितिन सांगतो. येथें पाहुण्याची गफलत झाली आहे. गहूं व हरभरा हीं रब्बीचीं पिकें. पावसांत पेरतात तें भात. त्यानें दोन हंगाम एकांत कालविले. परंतु घोड्यांस हरभरा व खिचडी चारतात हें तो लिहितो तें डोळ्यांनीं पाहिलेलें दिसतें, कारण स्वतःचा घोडा ज्यानें इतक्या लांब आणला तो इतर कांहीं विसरला तरी दाणावैरण विसरणार नाहीं. नारळाची दारू मात्र त्यानें कोंकणांत पाहिली असावी.

झाडांचे असे उल्लेख आपल्या दप्तरांतहि विपुल आहेत. इनामाच्या सनदेंत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' हे शब्द येतातच. चतुःसीमा सांगतांना अमुक वड, अमुक आंबा, अमुक ओढा असें नांवनिशीवार येतें. सीमेचा तंटा पडला म्हणजे गोत याच झाडांशीं जाऊन उभें राही. पण आम्ही संग्राहक लोक काय करतों? देणाराचें नांव, शक, शिक्का, मोर्तब हीं अक्षरशः उतरतों आणि चतुःसीमेच्या जागीं 'इत्यादि' लिहून मोकळे होतों. या दोषांतून आम्ही स्वतः सुटलों नाहीं. आमच्या जुन्या नकलांच्या वह्या चाळतां हें 'इत्यादि' पानोपानीं दृष्टीस पडतें, आणि त्यांतील कित्येक मूळ कागद आतां पुन्हां पाहण्यास मिळणार नाहींत. ज्या जुन्नरी कागदावर असे लेख लिहिले गेले त्याची घोटाई, त्याचा पोत व त्याचा रंग आम्ही हातांत धरून तासन्‌तास बोलतों. तागाच्या जुन्या गोणपाटांतून व दोरखंडांतून हा कागद कसा निघे हेंहि हौसेनें सांगतों. कागदावर लिहिलेल्या झाडाकडे मात्र पाहत नाहीं.

ही हयगय आतां महाग पडणार आहे. कुकडी प्रकल्पाच्या येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे या पांच धरणांनीं या भागांतील कुकडी, मीना, पुष्पावती व घोड या नद्यांचीं खोरीं पालटलीं. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें. तालुक्याचें ठाणें घोडेगांवास आहे, पण तालुक्याला नांव आहे तें या बुडालेल्या गांवाचें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे गांवाचे अवशेष उघडे पडतात. ज्या आंब्यांवरून गांवास नांव पडलें असेल ते उघडे पडत नाहींत. येथें नांवाचा अर्थ उघड आहे, मानमोडीसारखा कूट नाहीं. पण त्याचा पडताळा जमिनीवर घेण्याची सोय राहिली नाहीं. उरला पुरावा तो कागदांतच, आणि ते कागद विस्थापित कुटुंबांबरोबर गांवोगांव पांगले आहेत.

म्हणून वाचकांस विनंती कीं, घोड, मीना व कुकडी यांच्या खोऱ्यांतील महजर, इनामपत्र किंवा थळझाडा कोणाजवळ असल्यास त्यांतील चतुःसीमा पूर्ण उतरून मंडळाकडे पाठवावी. कागद कितीहि फाटका असला तरी चालेल. हापूसबागेचें नांव 'हबशी', 'हपशी' किंवा अन्य कोणत्याहि रूपानें ज्यांत आलें आहे असा निजामशाही अथवा शिवकालीन अस्सल कागद मिळाल्यास तो आम्हांस विशेष हवा आहे. त्यांत 'हापूस' असेंच स्पष्ट निघाल्यास वरील तर्क आम्ही याच पृष्ठांत मागें घेऊं.