श्रीखंडे यांचा अपवाद

बुद्धिबळाच्या पटावरचा ४ × ४ घरांचा तुकडा घ्या. प्रत्येक घर म्हणजे एक बिंदू. हत्ती एका खेळीत ज्या घरांत जाऊ शकतो, ते बिंदू रेषांनी जोडा. प्रत्येक बिंदूला ६ शेजारी मिळतात आणि कोणत्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी २ च असतात. एवढ्या संख्यांवरून हा आलेख नक्की ओळखता येईल का?

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये दाखवले की ४ सोडून कोणत्याही आकाराच्या चौरस पटाला उत्तर ‘होय’ आहे. ४ ला मात्र त्याच संख्यांचा दुसराच आलेख निघाला. हत्तीच्या आलेखात एका बिंदूचे ६ शेजारी दोन सुट्या त्रिकोणांत बसतात. श्रीखंडे-आलेखात त्यांचा षटकोन होतो.

नागपूरला शिकवणारे श्रीखंडे १९५० मध्ये अमेरिकेत राजचंद्र बोस यांच्याकडे पीएच.डी. झाले. बोस व पार्कर यांच्यासह त्यांनी लॅटिन चौरसांविषयीचा ऑयलरचा १७८२ चा अंदाज खोटा ठरवला, तोही १९५९ मध्येच. ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. सोळा बिंदूंची बातमी कोण छापणार! १९६३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

वर्गात हा आलेख काढायचा, तर प्रत्येक घर वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या आणि एकाच तिरक्या रेषेवरील दोन घरांशी जोडा. कडेबाहेर जाणारी रेषा समोरच्या कडेने आत आणा. मग शेजारी मुलांनाच मोजू द्या.