आमवात सांध्यांचा, मग धोका मेंदूला कसा?
निफाडचा पारा घसरला की नाशिककरांच्या घरात सांधेदुखीचा विषय निघतोच. पण आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) हा थंडीमुळे होणारा आजार नाही. यात रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. त्यामुळे येणारी सूज रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही इजा करते. तिथे चरबीचे थर साचतात, गुठळी होते. तिने मेंदूचा रक्तपुरवठा अडवला की स्ट्रोक, म्हणजेच पक्षाघात होतो.

काय कराल?
• दुखणं थांबलं म्हणून औषधं मनाने बंद करू नका.
• डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नका. त्यांनीही हा धोका वाढतो.
• बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासा. तंबाखू सोडा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.